अमेरिकेतील विद्यापीठनगरे आणि विद्यार्थी-श्रमिक : फिलिपिनो व महाराष्ट्रीय (१९०३–१९४६)

१

बीड जिल्ह्यात स्थलांतराचा विषय काढला की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम ऊसतोड येते. दसरा-दिवाळी उलटली की पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी या बालाघाटच्या भागांतील कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाची मोजदाद हत्यारावरून करणारा हा शब्द भाषेच्या अभ्यासकाला थांबवून विचार करायला लावतो. कोयत्याबरोबर जाणाऱ्या मुलाची शाळा सुटते. म्हणून आपल्याकडे स्थलांतर आणि शिक्षण हे एकमेकांचे वैरी, अशी समजूत रूढ झाली आहे आणि ती निराधार नाही.

याच्या उलट, शिक्षणासाठी परदेशी गेलेल्यांच्या गोष्टी आपण वेगळ्या कप्प्यात ठेवतो. त्यांना आपण स्थलांतरित म्हणत नाही. ते ‘विलायतेस गेले’, ‘अमेरिकेस शिकून आले’, असे म्हणतो. एकाच्या प्रवासास मजुरी आणि दुसऱ्याच्या प्रवासास विद्यार्जन असे नाव देऊन आपण दोन इतिहास निर्माण केले आहेत.

प्रस्तुत लेखात या विभागणीचा एका मर्यादित क्षेत्रात विचार करावयाचा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील लहान विद्यापीठनगरांत फिलिपिनो व भारतीय असे दोन परके समूह जवळजवळ एकाच सुमारास येऊन राहिले. भारतीयांत महाराष्ट्रीय थोडे होते. पण त्यांची नावे आपल्या इतिहासात अनेक अंगांनी येतात. या दोन समूहांचे जीवन शेजारी ठेवून पाहिले असता असे दिसते की, विद्यार्थी आणि मजूर यांच्यातील भिंत जीवनाने उभारलेली नव्हती. ती कायद्याने उभारली. आणि जोवर ती पक्की झाली नव्हती, तोवरच त्या नगरांतून काही मोलाचे विचार व काही धाडसी कृती निपजल्या.

२

अमेरिकेतील विद्यापीठनगर ही आपल्याकडील पुण्यासारखी वस्ती नव्हे. पुणे हे आधी शहर आणि मग विद्येचे केंद्र. अमेरिकेत मात्र अनेक ठिकाणी आधी महाविद्यालय आणि त्याच्या भोवती गाव, असा क्रम आढळतो. १८६२ च्या मॉरिल कायद्याने प्रांतांना जमिनी देऊन शेतकी व यांत्रिक शिक्षणाची महाविद्यालये काढण्यास उत्तेजन दिले. इथाका येथील कॉर्नेल, कॉर्व्हॅलिस येथील ओरेगन कृषी महाविद्यालय, गव्हाच्या मुलखातील पुलमन येथील वॉशिंग्टन राज्य महाविद्यालय या संस्था त्याच परंपरेतील होत. अशा गावात विद्यार्थी हाच मुख्य रहिवासी. भोजनगृहे, खाणावळी, प्राध्यापकांची घरे, बागा, कपडे धुण्याची दुकाने हे तेथील उद्योग. निर्धन विद्यार्थ्याला काम मिळे ते येथेच, आणि सुट्टी लागली की आसपासच्या शेतांत, फळबागांत किंवा लाकडाच्या गिरण्यांत.

फिलिपिन्स १८९८ मध्ये स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात गेले. पुढे १९०३ च्या ऑगस्टमध्ये तेथील अमेरिकी शासनाने निवडक फिलिपिनो तरुणांना सरकारी खर्चाने अमेरिकेत शिक्षणास पाठविण्याचा कायदा केला. पहिल्या तुकडीत सुमारे १०० विद्यार्थी होते. त्यांना ‘पेन्सिओनादो’ म्हणत. हा शब्द स्पॅनिश असून त्याचा अर्थ वेतन वा वृत्ती मिळणारा असा आहे. राज्यकर्ते बदलले, तरी नव्या राज्यकर्त्यांच्या कृपेला नाव मात्र जुन्या राज्यकर्त्यांच्या भाषेतील राहिले. शिकून परतल्यावर सरकारी नोकरी करण्याचे बंधन त्यांच्यावर असे. वसाहतीचा कारभार चालविणारा वर्ग तयार करणे हा त्यामागील हेतू होता. १९०४ च्या सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनात फिलिपिन्समधील डोंगरी जमातींची जिवंत माणसे प्रेक्षकांपुढे मांडण्यात आली. त्याच प्रदर्शनात या विद्यार्थ्यांनाही नेण्यात आले होते. एकाच देशाची माणसे एका बाजूस ‘रानटी’ म्हणून आणि दुसऱ्या बाजूस ‘सुधारलेली’ म्हणून दाखविली गेली.

पेन्सिओनादो परतले, मोठ्या पदांवर चढले आणि त्यांच्या यशाच्या वार्ता गावोगाव पोहोचल्या. त्या ऐकून पुढील पिढीतील हजारो तरुण स्वतःच्या खर्चाने निघाले. त्यांना ‘स्वावलंबी’ विद्यार्थी म्हटले जाई. परंतु हे स्वावलंबन म्हणजे दिवसा वर्ग आणि सकाळ-संध्याकाळ दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातील भांडी असे होते. पॅसिफिक किनाऱ्यावर ‘स्कूलबॉय’ असा एक शब्द रूढ होता. आधी जपानी आणि मग फिलिपिनो तरुणांस तो लावला गेला. एखाद्या कुटुंबात राहावे, घरकाम करावे, त्याच्या मोबदल्यात जेवण व खोली घ्यावी आणि उरल्या वेळात शिकावे, अशी ती रीत होती. शब्दात ‘शाळा’ असली तरी व्यवहारात ती गड्याची नोकरी होती. उन्हाळ्यात सिअ‍ॅटलहून बोटी भरून हेच तरुण अलास्कातील मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यांत जात आणि शरद ऋतूत त्यांतील काही पुन्हा वर्गात येऊन बसत. काही आले नाहीत. फी साठेना, मंदी आली, आणि ‘यंदा नाही तर पुढच्या वर्षी’ असे म्हणता म्हणता विद्यार्थी कायमचा शेतमजूर झाला. १९३० च्या शिरगणतीत अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील फिलिपिनोंची संख्या ४५,००० च्या घरात होती. त्यांतील कितीजण मूळच्या शिक्षणाच्या आशेने निघाले होते, हे कोणतीही शिरगणती सांगू शकत नाही.

३

महाराष्ट्रीय विद्यार्थ्यांची गोष्ट वरवर निराळी वाटते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ मध्ये अमेरिकेस गेले व कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्यांच्या जातिसंस्थेच्या इतिहासाचा पहिला खंड १९०९ मध्ये इथाका येथेच प्रसिद्ध झाला. ज्या समाजात जात हा शब्दही ठाऊक नाही अशा एका डोंगराळ विद्यापीठनगरात बसून महाराष्ट्रीय तरुणाने जातीची व्याख्या करावी, ही घटना लक्षणीय आहे. दूर गेल्याने वस्तू लहान दिसते हे खरे. पण तिचा आकार दिसतो तो दुरूनच.

पुढे सात वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर यांनी भारतातील जातींविषयी निबंध वाचला. त्यात इतर अभ्यासकांच्या व्याख्यांबरोबर केतकरांच्या व्याख्येचाही त्यांनी परामर्श घेतला आहे. न्यूयॉर्क हे विद्यापीठनगर नव्हे, महानगर आहे. तथापि इथाका ते न्यूयॉर्क हा विचाराचा धागा ध्यानात घेतला पाहिजे. महाराष्ट्रात एका पंगतीत बसणे ज्यांना समाजाने अशक्य केले होते, अशा दोन कुळांतील दोन विद्वानांची ही भेट परमुलखातील ग्रंथालयांतून झाली.

तिसरे उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील साखवाळचे हे पंडित १९१० मध्ये ‘विशुद्धिमग्गा’च्या संशोधित आवृत्तीच्या कामासाठी हार्वर्ड येथे गेले. त्या ग्रंथावर त्यांचे नाव कसे यावे यावरून तेथील प्रा. लानमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला, आणि ती आवृत्ती प्रत्यक्षात १९५० मध्ये, धर्मानंदांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झाली. या मतभेदाकडे चरित्रातील एक अप्रिय प्रसंग म्हणून पाहण्याची प्रथा आहे. माझ्या मते तो श्रमाचा प्रश्न होता. पौर्वात्य पंडिताने पाठ जुळवावेत, अडलेले स्थळ सोडवावे आणि ग्रंथ मात्र पाश्चात्य आचार्याच्या नावावर ओळखला जावा, ही विद्याक्षेत्रातील मजुरीच होय. १९१८ मध्ये धर्मानंद पुन्हा गेले तेव्हा कन्या माणिक व ११ वर्षांचा पुत्र दामोदर त्यांच्याबरोबर होते. दामोदर तेथेच शाळेत शिकला व १९२९ मध्ये हार्वर्डचा पदवीधर झाला. भारतीय इतिहासलेखनाला नवी दिशा देणाऱ्या या विद्वानाचे घडते वय अशा रीतीने चार्ल्स नदीकाठच्या विद्यापीठवस्तीत गेले.

या तिघांनाही वृत्ती, नेमणूक किंवा कोणाचा तरी आश्रय होता. परंतु ज्यांना असा आधार नव्हता त्या भारतीय विद्यार्थ्यांपुढे फिलिपिनो ‘स्वावलंबी’ विद्यार्थ्याचाच मार्ग होता. येथे आपल्या समाजाच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. पुण्यात गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे. सात घरी सात वार. त्याबद्दल श्रम नव्हते, उपकार होते, आणि ती सोय जातीच्या आत होती. अमेरिकेत अन्न मिळे ते अनोळखी माणसांची उष्टी भांडी विसळून. उष्टे काढणे हे आपल्याकडे स्त्रियांचे आणि खालच्या मानलेल्या जातींचे काम. ते पदवीसाठी आलेल्या तरुणाने रोज करावे, यात त्याच्या मनातील श्रेणींची केवढी उलथापालथ झाली असेल याची कल्पना करता येईल. माधुकरीतून जात टिकली. भांडी घासण्यातून ती निदान सैल झाली. श्रम जडला तर विद्येला उणेपणा येतो, ही आपली जुनी श्रद्धा तेथील मोरीत वाहून जात होती.

४

हा बदल केवळ मनात राहिला नाही, हे पॅसिफिक किनाऱ्यावरील नगरांकडे पाहिल्यास कळते. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे जपानमार्गे कॅलिफोर्नियात पोहोचले. सॅन राफेल येथील लष्करी विद्यालयात, नंतर कॉर्व्हॅलिस येथे व पुढे पुलमन येथे त्यांनी शिक्षण घेतले. त्यांचा विषय शेती, आणि मनात क्रांती. ओरेगनमधील पोर्टलंडच्या आसपास लाकडाच्या गिरण्यांत शेकडो पंजाबी मजूर काम करीत. त्यांत पंडित काशीराम यांच्यासारख्यांच्या साहाय्याने खानखोजे यांनी संघटनेचे काम आरंभिले. याच गिरण्यांच्या मुलखात, सीमेजवळच्या बेलिंगहॅम गावात, सप्टेंबर १९०७ मध्ये गोऱ्या जमावाने भारतीय मजुरांना मारहाण करून हाकलून दिले होते. त्या आठवणी ताज्या होत्या. १९१३ मध्ये गिरण्यांतील मजूर आणि महाविद्यालयांतील विद्यार्थी एकत्र आले. सोहनसिंग भकना अध्यक्ष झाले, लाला हरदयाळ यांनी लेखणी सांभाळली, आणि १ नोव्हेंबर १९१३ रोजी सान फ्रान्सिस्को येथून ‘गदर’चा पहिला अंक निघाला.

या ऐक्याची भाषिक बाजूही पाहण्यासारखी आहे. ‘गदर’ प्रथम उर्दूत व लवकरच गुरुमुखी लिपीतून पंजाबीत निघू लागला. खानखोजे यांची मातृभाषा मराठी, मजुरांची पंजाबी, वर्गातील भाषा इंग्रजी. परस्पर व्यवहारास हिंदुस्थानी. अमेरिकी वृत्तपत्रे मात्र शीख, मुसलमान, ब्राह्मण या सर्वांना सरसकट ‘हिंदू’ म्हणत. अज्ञानातून आलेल्या या एका शब्दाने, देशात ज्यांना एक म्हणवून घेणे जड गेले असते, त्यांना एकाच अपमानाखाली एकत्र आणले.

विद्यार्थी मजुरांना जागे करीत होते, ही झाली एक बाजू. दुसरी बाजू कमी सांगितली जाते. स्टॉकटनजवळ बटाट्याची मोठी शेती करणारे ज्वालासिंग यांनी १९१२ मध्ये बर्कले येथे भारतीय विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या. त्या गुरू गोविंदसिंगांच्या नावाने होत्या. पण कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्यास खुल्या होत्या. म्हणजे ज्यांना स्वतःला शाळा लाभली नव्हती अशांच्या घामाच्या पैशातून पदवीची सोय होत होती. संस्थानिकांची शिष्यवृत्ती आणि शेतकऱ्याची शिष्यवृत्ती यांत रकमेचा फरक असेल; नात्याचा फरक त्याहून मोठा आहे. पहिलीत विद्यार्थी आश्रित असतो, दुसरीत तो भाऊबंद असतो.

पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे १९११ मध्ये अमेरिकेस गेले व सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात अभियांत्रिकी शिकू लागले. गदरच्या हाकेसरशी ते परतले. मार्च १९१५ मध्ये मीरत येथे घोडदळाच्या छावणीत ते बाँबसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोर येथे फाशी गेले. त्याच दिवशी फाशी गेलेल्यांत कर्तारसिंग सराभा होते. तेही बर्कलेस शिकावयाचे म्हणून गेले होते. कोकणस्थ घरातील अभियंता होऊ पाहणारा तरुण आणि लुधियाना जिल्ह्यातील जाट शेतकऱ्याचा पोर यांची गाठ पुण्यात वा पंजाबात पडली नसती. ती अमेरिकेत पडली. खानखोजे इराणकडे गेले, पुढे १९२४ पासून मेक्सिकोत चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात मक्यावर संशोधन करीत राहिले आणि अखेरीस मायदेशी येऊन १९६७ मध्ये नागपूर येथे निवर्तले. कॉर्व्हॅलिस व पुलमन येथे घेतलेली शेतीची विद्या अशा रीतीने तिसऱ्याच देशातील कुणब्यांच्या उपयोगी पडली.

५

ही सरमिसळ कायद्याला मानवली नाही. ५ फेब्रुवारी १९१७ रोजी अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून अमेरिकी काँग्रेसने नवा आगमनकायदा केला आणि आशियाचा मोठा भाग ‘वर्जित प्रदेश’ ठरविला. भारत त्यात होता. फिलिपिन्स अमेरिकेचाच मुलूख असल्यामुळे नव्हता. वर्जित प्रदेशातूनही विद्यार्थी, अध्यापक, व्यापारी, प्रवासी यांना मात्र मुभा होती. मुभेचे हे शब्द साधे दिसतात. परंतु त्यांनी एका माणसाचे दोन तुकडे केले. भारतीय मनुष्य पुस्तक घेऊन आला तर आत, कुऱ्हाड घेऊन आला तर बाहेर. १९२४ च्या कायद्याने विद्यार्थ्याची व्याख्या आणखी आवळली : वय १५ वर्षांहून कमी नसावे व प्रवेश मान्यताप्राप्त संस्थेत असावा. दरम्यान १९ फेब्रुवारी १९२३ रोजी भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरविले, आणि आधी नागरिक झालेल्यांचेही नागरिकत्व काढून घेण्याचे खटले सुरू झाले. थिंद स्वतः विद्यार्थी होते, ओरेगनच्या लाकूड-गिरणीत मजूर होते आणि अमेरिकी सैन्यात शिपाईही होते. त्यांची बाजू मांडणारे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही अशीच पाळी आली. त्यांनी मात्र आपले नागरिकत्व १९२७ पर्यंत लढून राखले.

फिलिपिनोंची स्थिती याहून चमत्कारिक. ते ‘अमेरिकी प्रजाजन’ होते, पण नागरिक नव्हते. त्यांना दार बंद नव्हते, म्हणून भारतीय, चिनी व जपानी मजुरांची जागा त्यांनी भरून काढली. आणि त्याच कारणाने त्यांच्याविरुद्ध क्षोभ माजला. जानेवारी १९३० मध्ये कॅलिफोर्नियातील वॉट्सनव्हिल येथे जमावाने त्यांच्यावर हल्ले केले. फर्मिन तोबेरा हा २२ वर्षांचा शेतमजूर गोळी लागून मेला. १९३४ च्या कायद्याने फिलिपिन्सला दहा वर्षांनंतरच्या स्वातंत्र्याचे वचन दिले, आणि त्याच क्षणी फिलिपिनो मनुष्य आगमनासाठी परका ठरून त्यांची संख्या वर्षास ५० इतकी बांधली गेली. स्वातंत्र्याच्या वचनाचा पहिला अनुभव बंद दाराचा असावा, यापरते दुर्दैव कोणते!

अखेर २ जुलै १९४६ रोजी, फिलिपिन्स स्वतंत्र होण्याच्या अवघे दोन दिवस आधी, एकाच कायद्याने भारतीय व फिलिपिनो या दोहोंना प्रत्येकी वर्षास १०० जणांचा प्रवेश आणि नागरिकत्वाचा अधिकार दिला. भोजनगृहातील एकाच मोरीवर उभे राहिलेले हे दोन समूह चार दशकांनी एका कलमात पुन्हा शेजारी आले. परंतु मधल्या काळात त्यांच्या प्रतिमा दुरावल्या होत्या. फिलिपिनो म्हणजे शेतमजूर आणि भारतीय म्हणजे विद्यार्थी, अशी जी समजूत झाली ती दोन स्वभावांतून आली नाही. १९१७ च्या कलमांतून आली. १९६५ च्या कायद्यानंतर जे महाराष्ट्रीय अमेरिकेत गेले ते बहुतांशी अभियंते, डॉक्टर व संशोधक होते. आपण केवळ बुद्धीच्या बळावर येथे आलो, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. त्या चाळणीची छिद्रे कोणी व केव्हा पाडली, हे मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

६

केतकरांनी आपल्या एका कादंबरीला ‘परागंदा’ हे नाव दिले. हा शब्द फारसी. मूळ अर्थ विखुरलेला. मराठीत त्याला देशोधडीला लागल्याची छटा आली. विखुरणे आणि नष्ट होणे यांत आपल्या भाषेने फारसे अंतर ठेवले नाही, कारण गाव सोडणे हे आपल्याकडे बहुधा संकटच होते. वर वर्णिलेल्या लोकांचा अनुभव असा की, विखुरलेला मनुष्य नष्ट होईलच असे नाही. तो कोणत्या नावाने ओळखला जातो यावर पुष्कळ अवलंबून असते. ‘विद्यार्थी’ या नावाखाली मजुरी करणाऱ्याला उद्या असतो. ‘मजूर’ या नावाखाली शिकू पाहणाऱ्याला तो क्वचितच असतो.

कोलंबियाच्या वसतिगृहात राहिलेल्या आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय काढले. पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या संस्थेने विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय हा शिक्षणाचाच भाग मानला. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यातील भूमिहीनांची मुले तेथे प्रथमच वसतिगृहात राहून शिकली. अमेरिकेतील विद्यापीठनगराचा जो अर्थ आपल्या भूमीत उतरला तो मला येथे दिसतो : घरापासून तुटलेल्या मुलाला छप्पर मिळाले तर स्थलांतर शिक्षणाचे वैरी राहत नाही.

ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहे निघतात, त्यांच्याकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. त्यांचा हिशेब किती मुलांना किती दिवस जेवण मिळाले एवढ्यावर थांबतो. परंतु तेथे प्रत्यक्षात एका नावाचा निर्णय होत असतो. दिवाळीनंतर जे मूल वसतिगृहात राहिले ते विद्यार्थी; जे आई-बापांबरोबर थळात गेले ते काही वर्षांनी अर्धा कोयता. दोघे एकाच घरातील, एकाच वयाचे, एकाच बुद्धीचे असू शकतात. १९१७ मध्ये परक्या सरकारने कागदावर जी रेघ ओढली तीच रेघ आपण दरसाल, कोणताही कायदा न करता, आपल्याच मुलांमधून ओढीत असतो.